बेल्किसची सही

आमच्या प्राणीगृहात बेल्किस किंतानाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला तरी आठवत नाही. ती दमतच नाही, शेवटी समोरचा दमतो.

एकतीस वर्षं ती हवानाच्या पश्चिम टोकाच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचं बघते आहे. मी ओस्निएल. पेट्या धुतो, वाफेच्या यंत्रात घालतो, ओझी उचलतो. मारियानाओहून दोन बस बदलून ती येते. दुसरी आलीच नाही तर चालत येते, आणि दारातूनच सुरू होते.

"शेजारीण काल म्हणते, तुझ्या उंदरांना एसी, आणि मी पुठ्ठ्याने वारा घेत बसते. काय सांगू तिला? चालतो का इथे एसी?"

गेल्या वर्षीचा तो प्रयोग डॉक्टर एचेमेंदियांचा. दोन वेगळ्या प्रथिनांचे तुकडे जोडून त्यांच्या गटाने एक नवीन प्रथिन तयार केलं होतं. मला ते समजेना, तेव्हा बेल्किसने सांगितलं, "एका हाताने चोराची कॉलर धरायची, दुसऱ्या हाताने शिट्टी वाजवायची. चोर म्हणजे कॅन्सरची गाठ. शिट्टी ऐकून शरीरातले शिपाई धावत येणार. कळलं? आता बादली उचल."

चार पेट्या, प्रत्येकीत पाच माद्या, सगळ्यांच्या कातडीखाली गाठ वाढवलेली. दोन पेट्यांना ते प्रथिन, दोन पेट्यांना नुसतं मिठाचं पाणी. आठवड्याला एक अशी चार इंजेक्शनं. कुठल्या पेटीला काय द्यायचं ते पेटीवरच्या कार्डावर लिहिलेलं. पहिलं इंजेक्शन बेल्किसने स्वतः दिलं आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर गेली. जाताना मला म्हणाली, "कार्डांना हात लावू नकोस."

हात लावायची माझी हौस नव्हती. ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी अकराला वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि त्याने मान टाकली. ऑगस्टचा महिना, खिडक्या न उघडणारी खोली; तासाभरात उंदरं पोट टेकून आडवी पडली. तळमजल्यावरच्या एका खोलीची वीज दुसऱ्या तारेवर होती, तिथे मी पेट्या हलवल्या. कार्डं अडकवायच्या पट्ट्या दोन वर्षांपासून तुटलेल्या. तीनदा लेखी कळवलं होतं, तीनदा "नोंद घेतली" असं उत्तर आलं होतं. कार्डं चिकटपट्टीने लावलेली, ती घामाने सुटली. मी ती खिशात घातली आणि खाली गेल्यावर आठवेल तशी लावली.

पुढची तीन इंजेक्शनं डॉक्टरांनी स्वतः कार्डं बघून दिली.

ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेल्यामुळे बेल्किस परत आली ती पाच आठवड्यांनी. तोवर प्रथिनाच्या पेट्यांमधल्या गाठी नुसत्या हरभऱ्याएवढ्या राहिल्या होत्या. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये शीळ घालत हिंडत होते. एरवी ते माझ्याकडे बघतही नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला कॉफी पाजली.

बेल्किसने पेटी उघडली, आत पाहिलं आणि मला हाक मारली.

"ही वाकड्या शेपटीची इथे कशी?"

"तिथेच होती."

"नव्हती. हिला मी मिठाचं पाणी टोचलं आणि ही मला चावली. माझ्या वहीत आहे."

"शेपट्या काय गं, सगळ्यांच्या वाकड्याच असतात."

मी फडकं घेऊन जमीन पुसायला लागलो. जमीन स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. वहीतल्या खुणांवरून तिने चारही पेट्या पडताळल्या, सगळ्यांच्याच कार्डांची अदलाबदल झाली होती, आणि ती उलट्या बादलीवर बसली.

"अरे माझ्या राजा, एक कागद, एक पेन! पेटीवर आकडा लिहिला असतास तर? म्हणजे पहिलं इंजेक्शन एका गटाला आणि उरलेली तीन दुसऱ्याच गटाला! आता चल डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "शुक्रवारी समितीपुढे अहवाल आहे, बेल्किस. गाठी विरघळल्यात, तू स्वतः पाहिल्यास. एक इंजेक्शन इकडचं तिकडे झालं, एवढंच ना?"

"मग तसंच लिहा. औषध तीनदाच दिलं, आणि पाण्याच्या उंदरांनाही एकदा मिळालं."

"असं लिहिलं तर समिती मला दारातूनच परत पाठवेल!"

"चार इंजेक्शनं दिली असं लिहिलंत तर मी सही करणार नाही."

प्राणीगृहाच्या सहीशिवाय अहवाल पुढे जात नाही. डॉक्टरांना ते माहीत होतं, तिलाही.

"एकतीस वर्षांत तुला आडवं यायला हाच आठवडा सापडला?"

"पट्ट्या दुरुस्त केल्या असत्यात तर हाही सापडला नसता."

दोन दिवस असेच गेले. संचालकांनी तिला बोलावलं, चहा विचारला, देशाचं नाव घेतलं, मग आवाज चढवला. ती लाल तोंडाने बाहेर आली आणि थेट उंदरांचं पाणी बदलायला गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझं नाव तिने एकदाही घेतलं नाही, हे मला संचालकांच्या कारकुनाकडून कळलं. मग मात्र राहवेना. मी दोन पानं लिहिली, कार्डं मीच चुकवली म्हणून, आणि नेऊन दिली. मला लेखी ताकीद मिळाली. प्रयोग रद्द झाला. डॉक्टरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि बेल्किसने पुढचा महिनाभर मला दिवसातून दहा वेळा "कार्ड बघितलंस का?" विचारून उच्छाद आणला.

नवीन उंदरं, नवीन गाठी, सगळं पहिल्यापासून. यात चार महिने गेले. या वेळी चारही इंजेक्शनं योग्य पेट्यांना मिळाली. गाठी झपाट्याने आक्रसल्या. पण चौथ्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी माद्या खाईनात. केस पिंजारलेले, पाठीला कुबड. बेल्किस रोज सकाळी वजन करून आकडे मोठ्याने वाचायची, आणि प्रत्येक आकडा आदल्या दिवशीपेक्षा कमी असायचा. आठवडाभरात दोघी मेल्या, तिसरीला आम्हीच सोडवलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं.

डॉक्टर टेबलाशी उभे होते. "तीन इंजेक्शनांत हे दिसलंच नसतं," ते म्हणाले. "मी पुढे माकडांना चारच देणार होतो."

"हो ना," बेल्किस म्हणाली. तेवढंच. एरवी शब्दाला शब्द लावणारी बाई, त्या दिवशी हातमोजे काढून हात धुवायला निघून गेली.

मात्रा निम्मी करून तिसऱ्यांदा प्रयोग केला. दहापैकी चौघींच्या गाठी पूर्ण गेल्या, तिघींच्या वाढायच्या थांबल्या, तिघींच्या वाढतच राहिल्या. एकही मेली नाही, एकीचंही वजन घटलं नाही. डॉक्टर जरा हिरमुसले. पहिल्या वेळचे आकडे अजून त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. तरी अहवाल घेऊन ते स्वतः खाली आले आणि त्यांनी बेल्किसला मिठी मारली.

"मिठी राहू द्या," ती सुटायची धडपड करत म्हणाली. "उंदरांचं खाणं सोमवारपर्यंतच पुरेल. आधी कुणाला तरी फोन करा."