मातीचा हिंदुस्थान

म्हैसुरातल्या आमच्या मराठी घरांत नवरात्रात दोन्ही रीती चालत. देव्हाऱ्यात घट बसे आणि ओसरीवर कानडी पद्धतीने पायऱ्या रचून बाहुल्या मांडत. पायरीखाली मातीचा एखादा देखावा असे. त्या वर्षी मी आणि माझ्या धाकट्या चुलतभावाने, आपापल्या घरी, हिंदुस्थान केला. शाळेत भूगोल शिकवण्याची एकच जागा रिकामी होती. अर्ज दोघांचे होते, आणि हेडमास्तर सरस्वतीपूजनाला दोन्ही घरी येणार होते.

माझे काम चोख होते. हिमालयाला चुन्याचा बर्फ दिला, पठार पूर्वेकडे उतरते ठेवले. सह्याद्रीवर पाणी ओतले की ते कावेरीतून बंगालच्या उपसागरात जाई. भावाचा सह्याद्री शेताच्या बांधासारखा होता. ते पाहून मला बरे वाटले होते.

पण त्याने घटाचे धान्य नकाशात पेरले. पंजाबात गहू, बंगालात भात, दख्खनेत ज्वारी, आमच्या भागात रागी. जिथे वस्ती दाट तिथे मूठभर, वाळवंटात चार दाणे. देवीचे धान्य असे पेरल्याबद्दल काकू त्याला बोलली. सातव्या दिवशी गंगेचा काठ हिरवागार झाला आणि तिची तक्रार थांबली. मग ती माझा नकाशा पाहायला आली.

"देश छान केलास रे," ती म्हणाली. "पण जन एल्ली? माणसं कुठं गेली? सगळी दसऱ्याला म्हैसुरास आली काय?"

ओसरीवरच्या बायका हसल्या. मीही हसलो.

हेडमास्तरांनी माझ्याकडे कावेरी वाहती पाहिली, मान डोलावली आणि कॉफी घेतली. भावाकडे ते उकिडवे बसले. बंगालचे कोंब बोटांनी बाजूला सारून मुळे पाहिली. इतकी माणसे इथेच का राहतात, असे त्यांनी विचारले. भाऊ गाळाच्या जमिनीबद्दल, पावसाबद्दल बोलत राहिला. त्यातले निम्मे मीच त्याला कधीतरी सांगितले होते.

जागा त्याला मिळाली. दसऱ्यानंतर तो घरी आला. वर्गासाठी मोठा नकाशा करायचा होता.

"दादा, डोंगर तूच कर," तो म्हणाला. "माझ्या हाताला ते येत नाही."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपे गेले असते. मला सवड नाही, असे मी सांगितले. तेव्हा मला दिवसभर दुसरे काही काम नव्हते, आणि ते त्याला ठाऊक होते.