सोवळ्याचं रेशीम

थोरल्या जाऊबाईंच्या सोवळ्याच्या रेशमी साडीवर, निऱ्यांपाशी, गेल्या वर्षीच्या पुरणाचा डाग अजून तसाच आहे. गौरी जेवणाच्या सकाळी मला आधी तोच दिसला. ती साडी वर्षभर डांबरगोळ्यांत पडून असते आणि सणाला थेट अंगावर येते.

मी न्हाऊन, कालच धुतलेली सुती साडी नेसले होते. यादीतल्या सोळाही भाज्या चिरून तयार होत्या. मी चुलीकडं वळले, तशा जाऊबाई ओरडल्या, “सुतीनं विटाळशील गं! हो बाजूला.”

“आणि तुमचा तो डाग?”

“रेशमाला विटाळ नसतो.”

चिरायला माझे हात चालले, शिजवायला नाही. आत किडा जिवंत असताना कोश उकळत्या पाण्यात टाकायचा, तेव्हा रेशमाचा धागा निघतो. कापसाच्या बोंडानं कुणाचा जीव घेतला? तरी विटाळ त्याचाच. रेशीम कसलं शुद्ध, ते फक्त महाग आहे, आणि दुसऱ्याला बाजूला सारायला सोयीचं.

मी विळी धुऊन ठेवली. मग पुढच्या वर्षीच्या कामांची यादी काढली आणि निवडणं, चिरणं, पुरण वाटणं, सगळ्यापुढं एकच नाव लिहिलं. जाऊबाई, रेशीम नेसून.