हळद मोडता मोडता केलेल्या नोट्स

माझ्या नातीच्या मोबाइलात बेडूक आहे. चिरलेला, पोट उघडं टाकलेला, आतल्या एकेका अवयवाला बाण लावलेला. नात कॉमर्सची. मी विचारलं, "काहून गं, बेडकाचं दुकान टाकायचंय का?"

"आजी, नोट्सचा गठ्ठा आहे तो. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, सगळे विषय एकत्र. फुकट होता."

फुकट होता म्हणून बाईसाहेबांनी फ्रान्सची क्रांती, आम्ल आणि अल्कली, जाहिरातीचे फायदे असं सगळं उतरवून घेतलं होतं. लग्नाच्या पंगतीला काही बाया पदराखाली पिशवी घेऊन येतात, त्यातली गत. बारावीला ती नापास झाली होती एकाच विषयात, अर्थशास्त्रात. आता जुलैमध्ये त्याची फेरपरीक्षा होती. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, अंगणात उभं राहून सगळ्या कुरुंदा गावाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "पास झाली तर हिंगोलीला कॉलेज. न्हाई झाली तर घरी बसायचं, पाहुणे बघायला येतील." पोरीला पाहुणे नको होते, हिंगोली पाहिजे होती. रात्रंदिवस ती नोट्स वाचत होती. वाचत म्हणजे, मोबाइलातच बोटानं पिवळ्या रंगात रंगवत होती. ओळ न् ओळ पिवळी. मी म्हटलं, "हळद लावलीस का गं मोबाइलला?"

ती चिडली. "तुला काय कळतं? तू कधी नोट्स काढल्यास?"

इथं माझा अपमान झाला. नोट्सच्या बाबतीत आमच्या काळी माझा हात धरणारं कुणी नव्हतं, असं निदान माझं मत होतं. तेव्हा मी वसमतला कॉलेजात जात होते. दोन वेण्या, खांद्याला झोळी, आणि डोक्यात अशी हवा की एसटीच्या दारातून डोकं आत शिरायला तकलीफ व्हावी. आमच्या गल्लीतून बारावीला बसणारी मी पहिलीच पोरगी. पण परीक्षा यायची ऐन हळदीच्या हंगामात. ओली हळद काढून आणली की अंगणात ढीग पडायचा, आणि बायका गोल बसून गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायच्या. आई म्हणायची, "शिकतीस म्हणून हात झडले न्हाईत तुजे." हात मातीनं भरलेले, कागद धरायची सोय नाही. मग त्या शहाणीनं, म्हणजे मी, काय करावं? सगळे विषय गाण्यात घातले.

हळद मोडायच्या गाण्याची चाल सोपी. त्यात मी दहावीलाच विज्ञान बसवलं होतं, "हिरव्या पानात गं बाई, उन्हाचा सैपाक." त्याच्या पाठीवर बारावीचा इतिहास, "राजा गेला गं बाई, राणी बी गेली." आणि शेवटाला अर्थशास्त्र:

किंमत चढली गं बाई, मागणी उतरली
बाकी सारं जागच्या जागी, ऱ्हाऊ दे म्हनली

बायकांना गाणं फार आवडलं. सही करता न येणाऱ्या माझ्या चुलत्या आठवड्याभरात मागणीचा नियम तालावर म्हणू लागल्या. शेजारच्या आळीतून निरोप यायचा, तुमच्या पोरीला पाठवा, आमची हळद मोडायचीय, ती राजाराणीचं गाणं म्हणते ना. आणि ती बया ऐटीत जायची. तिला वाटायचं, आपण ज्ञानाचा प्रसार करतोय. लोकांना वाटायचं, फुकटची मजूर मिळाली.

परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं की गाण्याला मधूनच सुरुवात होत नाही. प्रश्न आला मागणीच्या नियमाचा. मला नियम आठवेना, कारण तो राणी मेल्याशिवाय येत नव्हता, आणि राणी पानातला सैपाक झाल्याशिवाय मरत नव्हती. मग डोळे मिटून पहिल्यापासून सुरुवात केली. तोंडानं गुणगुण, आणि बाकाखाली हात आपोआप चालू झाले. कट्, कट्. पर्यवेक्षक सर आले. आखडलेल्या मानेचे.

"बाकाखाली काय चाललंय?"

"काही न्हाई सर."

"हातात काय आहे? दाखव."

मी दोन्ही हात वर केले. रिकामे, पण कोपरापर्यंत पिवळे. सर म्हणाले, "मग करत काय होतीस?"

"हळद मोडून राहिले, सर."

सगळा वर्ग हसला. सरांनी मला पुढच्या बाकावर, त्यांच्या नाकाखाली बसवलं. तिथं जायच्या गडबडीत गाणं तुटलं, आणि मला परत पानापासून सुरुवात करावी लागली. वर उत्तरपत्रिकेत मी "किंमत चढली गं बाई" असं आख्खं लिहून आले. निकालात अर्थशास्त्रात अगदी काठावर पास. त्या बयेनं महिनाभर तोंड फुगवलं होतं. तपासणाऱ्याला कलेची कदर नाही, म्हणे.

ही सगळी कथा मी नातीला हातवारे करून सांगितली. ती हसून हसून खाटेवरून खाली आली. म्हणाली, "आजी, म्हण ना परत." मी म्हटलं. ती ऐकता ऐकता थांबली.

"पण काहून?"

"काय काहून?"

"मागणी काहून उतरली? गाण्यात न्हाईच ते."

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी ते गाणं म्हणत आले, धुण्याला, दळणाला, नातवंडांना झोपवायला. मागणी काहून उतरते हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. उतरते म्हणून उतरते. तालात बसतं ना.

"तुझ्या पिवळ्या नोट्समध्ये असेल की," मी ढकललं.

तिनं बघितलं. तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "महत्त्वाचे! पाठ करा." खाली बाण. बाण कुठंच जात नव्हता. माझ्या गाण्याला निदान चाल तरी होती.

मग आमचा धंदा सुरू झाला. मी चुलीपाशी नाहीतर निवडण पुढ्यात घेऊन बसायची, ती एकेक नियम म्हणायची, आणि मी आडवी लावायची, म्हणजे मुद्दाम खोट काढायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आडवी लावायला कळावं कशाला? घरात सून आणल्यापासून तेच करतेय.

"तूर महागली की लोक मूग घेतात, म्हणून तुरीची मागणी उतरते."

"मग सोनं महागलं तर तुझी आई पितळ घेते का?"

"आजी!"

"ओरडू नको. सांग."

ती पाय आपटत आत जायची, पुस्तक उघडायची, नोट्स न्हाई, पुस्तक, आणि अर्ध्या तासानं परत यायची. "उद्या अजून महागेल म्हणून आजच घेतात. अपवाद आहे तो. पटलं?"

"न्हाई पटलं. परत सांग."

तिसऱ्यांदा सांगताना ती न अडखळता बोलायची. एकदा तिचा बाप दारातून म्हणाला, "माय, तू पोरीला शिकवतीस का भांडतीस?" मी म्हटलं, "तुला शिकवलं होतं प्रेमानं. काय उजेड पाडलास?" तो गुपचूप मोटर चालू करायला गेला.

परीक्षेला मी तिच्यासोबत वसमतला गेले. शाळेच्या फाटकाबाहेर इतर आयाबाया देवाचं नाव घेत बसल्या होत्या. मी घेतलं नाही. देवाला अर्थशास्त्र येत असतं तर बाजारात असे भाव पडले असते का? पोरगी बाहेर आली ती घामेजलेली.

"एक प्रश्न कळलाच न्हाई, आजी. सोडला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे लिहिले. पान कमी पडलं."

ऑगस्ट संपता संपता निकाल लागला. पास. फार चांगले गुण नाहीत, पण काठावर नाही. माझ्या लेकानं पेढे आणले आणि एसटी स्टँडपर्यंत दिसेल त्याला सांगत सुटला, पोरगी माझ्यावर गेलीय. मी ऐकून घेतलं. पोरीचं बस्तान बसेपर्यंत बापाला चार लोकांत खोटं पाडू नये.

हिंगोलीला जायच्या दिवशी सकाळच्या गाडीला आम्ही सगळे उभे. गाडीत गर्दी, तरी तिला खिडकीची जागा मिळाली. मी हात केला. तिनं बघितलंच नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी पोरीशी तिचं बोलणं सुरू झालं होतं, आणि त्या पोरीच्या तोंडावरून दिसत होतं, तिला काहीतरी पटत नव्हतं आणि आमची तिला सोडत नव्हती. गाडी गेली. सून डोळे पुसत होती. मला आधी राग आला, मग बरं वाटलं, मग परत जरा राग आला.