मॅडमच्या कागदावरचा आठवा नियम

आमच्या घरात भिंतीला चुन्यापेक्षा पत्रकंच जास्त होती. बाप सभेहून आला की उरलेली पत्रकं पिशवीतून घरी आणायचा. माय ती फडताळात अंथरायची, पत्र्याच्या फटीत कोंबायची, पण चुलीला कधी लावायची नाही. लिहिलेलं जाळू नये, असं ती म्हणायची, आणि तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. मी अक्षरं शिकले ती त्या गुलाबी कागदांवर. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'अन्याय' आणि 'एकजूट' ओळखता यायचं. त्यामुळं पुढं कुठंही काही खुपलं की माझ्या तोंडून पत्रकच बाहेर पडायचं. शाळेच्या संघातल्या पोरी म्हणायच्या, "हिला खो द्यायला सांगितलं तर ही भाषण देती."

पण खो मी चांगला द्यायचे. खांबाजवळ सूर मारून गडी टिपण्यात कुरुंद्याच्या शाळेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तेव्हा आमचा जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे जिल्ह्याचा नवा संघ, आणि त्या संघात आपल्याच पोरी असाव्यात म्हणून कॉलेजवाले गावोगाव खेळाडू शोधत हिंडायला लागले. माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. मला बी. ए. करायचं होतं. खेळ हा तिथवर जायचा रस्ता होता. दुसरा रस्ता आमच्या घराला माहीत नव्हता.

मे महिन्याच्या भर दुपारी हिंगोलीच्या एका कॉलेजच्या खेळाच्या मॅडम आमच्या बौद्धवाड्यात चालत आल्या. सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. बापानं बाज टाकली. मायनं हळदीनं पिवळे झालेले हात घाईघाईनं धुतले आणि तांब्या-पेला भरून आणला.

"नको," मॅडम म्हणाल्या. मग पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि आमच्या अंगणात, आमच्या बाजेवर बसून, आमच्यासमोर तिच्यातलं पाणी प्यायल्या.

माय पेला धरून उभीच राहिली. "च्या तरी?"

"नको, ताई. मी घेत नसते."

पुढं त्या काय बोलल्या ते मी अर्धंच ऐकलं. पोरीला घेऊन एक दिवस कॉलेज बघायला या. तिकिटाचे पैसे तुमचे तुम्ही भरायचे. त्या दिवशी कुठं सही करायची नाही, काही ठरवायचं नाही. बघायचं आणि घरी यायचं. एवढं सांगून त्या गेल्या. मायनं पेल्यातलं पाणी दारातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं. बाप इतकंच म्हणाला, "बाटली घेऊन आली व्हती."

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. आमच्या घरचं पाणी विटाळाचं मानणाऱ्यांनी आम्हाला खेळ शिकवू नये, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. बापाला दिलं आणि म्हटलं, "छापून आणा."

त्यानं दोनदा वाचलं. "शब्द बराबर हायेत. पर त्या बाईला इचारलं का, काहून न्हाई पेली?"

"त्यात काय इचारायचं? डोळ्यानं बघितलं ना!"

"एखाद्याचं नाव पत्रकात टाकायच्या आधी त्याला तोंडावर एकदा इचारायचं असतं. आमी आजवर तसंच केलं. मंग लढताना मान ताठ ऱ्हाती." त्यानं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. "हिंगोलीला जाऊ. तूच इचार."

आम्ही निघायच्या आधी दुसऱ्या एका कॉलेजचे सर जीप घेऊन आले. हे अगदी घरच्यासारखे वागले. मायला वहिनी म्हणाले, चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायले आणि वर आणखी अर्धा कप मागितला. जाताना निळा ट्रॅकसूट माझ्या मांडीवर ठेवला. पांढऱ्या पट्ट्या होत्या त्याला. असा कपडा मी फक्त पेपरातल्या फोटोत बघितला होता.

"सर, तास किती असतात?" मी विचारलं.

"खेळाडूची हजेरी मैदानावर लागती, बाई. वर्गाचं टेन्शन तू घ्यायचं नाही."

"अन् परीक्षा?"

"ते आमी बघून घेऊ. तू फक्त इथं सही कर."

कागदावर वरच्या ओळी कोऱ्या होत्या आणि खाली सहीची जागा तेवढी छापलेली. मी पेन हातात घेतला होता. बाप म्हणाला, "ठिवून जा, साहेब. वाचून बघतो." सर हसले, "अहो, वाचायला त्यात काय हाय?" बाप म्हणाला, "तेच तर बघायचं."

जीप गेल्यावर माय ट्रॅकसूटवरून हात फिरवत म्हणाली, "कायबी म्हणा, माणूस आपल्यात बसून बशीनं च्या पेला." मलाही तसंच वाटत होतं. माझं मन ठरल्यात जमा होतं. हिंगोलीला मी निघाले ते कॉलेज बघायला नव्हे, जाब विचारायला. पत्रक मी वहीत ठेवलं होतं, आणि बापाच्या हातात घरच्या पाण्याची बाटली होती.

कॉलेजात गेलो तर मॅडम जागेवर नव्हत्या. खेळाच्या खोलीत जाळ्या, दोऱ्या, चुन्याची पोती, आणि भिंतीला खळीनं चिकटवलेला हातानं लिहिलेला एक कागद. कुठलाही कागद दिसला की बाप तो पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचतो. तसा त्यानं तोही वाचला. नवीन मुलगी बघायला आली तर तिच्यासोबत घरचं माणूस हवं. तिला त्या दिवशी मैदानावर उतरवायचं नाही, तिनं फक्त बघायचं. वसतिगृहात त्या दिवशी जे शिजलं असेल तेच तिला वाढायचं, गोडधोड करायचं नाही. बूट, कपडे, पैसे, नोकरी, मार्क यातलं काही कबूल करायचं नाही. सही आठ दिवसांच्या आत घ्यायची नाही. सहावा नियम वाचून बाप थांबला आणि त्यानं तो परत वाचला: 'मुलीला एक तास संघातल्या मुलींजवळ एकटं सोडायचं. त्या तासात मी तिथं नसेन.'

"तो तास चालू झाला," दारातून एक पोरगी म्हणाली. "काका, तुमी बाहेर बाकड्यावर. हिला आमी घेऊन चाललो."

परीक्षा चालू होत्या, म्हणून वसतिगृह भरलेलं होतं. पाच-सहा जणी माझ्याभोवती बसल्या. मी विचारलं, "इथं खेळाडूला काय देतात?"

"शिव्या," एक म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

"वरण पातळ हाय, आधीच सांगते. त्यात तोंड दिसतं."

"मैदानावर मुरूम हाय. सूर मारला की कोपर सोलतं."

"अन् हजेरी कमी पडली ना, तर फायनल असली तरी बाई संघात घेत न्हाई. मला बसवलं मागच्या साली. आमी हरलो. तिला काही वाटलं न्हाई."

"वाटलं," दुसरी म्हणाली. "रडली व्हती. पर घेतलं न्हाई."

मी म्हटलं, "दुसऱ्या ठिकाणी हजेरी लागत नाही म्हणे खेळाडूला."

त्यावर सगळ्यात थोरली पोरगी म्हणाली, "मॅडमलाबी असंच जीपमधून नेलं व्हतं. तीन साल खेळवलं. पेटीभर मेडल हायेत. अन् परीक्षेला बसायला गेल्या तर हजेरीच न्हाई. ज्यांनी नेलं ते म्हणाले, आमी कुठं लिहून दिलं व्हतं? मंग पुढं घरी बसून बाहेरून बी. ए. केलं, तेबी किती सालांनी. हा कागद तवाचा हाय."

मला फडताळात ठेवलेला तो कोरा कागद आठवला, खाली सहीची जागा असलेला.

"आणि सातवा नियम?" मी विचारलं. बाप सहाव्यावरच थांबला होता, सातवा वाचायचा राहूनच गेला होता.

"खेळाडूच्या घरचं काही घ्यायचं न्हाई. एका घरी कोंबडं कापलं मॅडमसाठी, अन् मंग पोरीला संघात घ्याच म्हणून रोज येऊन बसले. तवापासून बाई कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत न्हाई. उन्हात बाटली घेऊन फिरती."

मला उत्तर मिळालं होतं. तरी राग गेला नव्हता. कारण कळल्यावर राग जातो असं म्हणतात; माझ्या डोळ्यांसमोर मात्र पेला धरून उभी राहिलेली माय होती, आणि तिला हे कारण कुणी सांगितलं नव्हतं.

तास संपल्यावर मॅडम आल्या. मी उभी राहिले. पत्रक वहीतून काढलं नाही, पण आवाज पत्रकाचाच निघाला. "मॅडम, तुम्ही आमच्या घरचं पाणी का प्यायल्या नाहीत?"

"नियम आहे माझा. भिंतीवर..." त्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. त्यांच्या लक्षात आलं ते मला दिसलं. चेहरा उतरला.

"गोरेगावला मोठ्या घरी गेले होते, तिथंही नाही घेतलं मी," त्या हळू म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली. "पण त्यांना नुसता राग आला. तुम्हाला जे वाटलं, ते त्यांना कशाला वाटेल? हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. माझं चुकलं, दादा."

आमच्या आयुष्यात शिकलेल्या, पगारदार माणसानं कारणं न देता 'चुकलं' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बापानंही असावं.

तो म्हणाला, "म्याडम, नियम बराबर हाय. असा नियम कुणी करीत न्हाई. पर तो दारात सांगायचा. आमच्या दारात न सांगितलेल्या नियमाचा अर्थ आमाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ हाय. अन् पाणी... पाण्यानं कुणी इकत घेतलं जात न्हाई. पाण्याला नियमातून सोडा."

मॅडमनी टेबलाच्या खणातून पेन काढला आणि भिंतीजवळ जाऊन उभ्यानंच त्या कागदाच्या तळाशी लिहिलं. भिंतीवर पेन नीट चालत नव्हता. अक्षरं तुटक उमटली, त्यावरून त्यांनी परत गिरवलं. आठवा नियम: 'घरी गेल्यावर दारातच हा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि पाणी मागून प्यायचं.'

पेनाला टोपण लावून त्यांनी हात पुढं केला. "द्या, दादा, ती बाटली."

"कोमट झालं असंल. सकाळचं हाय, दोन एसट्यांत फिरलं."

"चालतं."

त्या अर्धी बाटली प्यायल्या. बाप खिडकीबाहेर बघत होता. मीही बघितलं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मुरमाचं मैदान आणि दोन खांब.

गावी येऊन मी तिसऱ्याच दिवशी संमतीचा कागद लिहिला, बापाची सही घेतली आणि एकटीच हिंगोलीला गेले. मॅडमनी तारीख बघितली. "आठ दिवस झाले नाहीत."

"माझं ठरलंय, मॅडम."

"मग आठव्या दिवशीही ठरलेलंच राहील. जा."

"तिकिटाला पैसे पडतात, मॅडम!"

"तुला वाचता येत होतं ना? मग पाचवा नियम वाचून यायचं होतंस."

घरी येऊन सांगितलं तर बाप मांडीवर हात मारून हसला. "बाई पक्की हाय." त्यानं ट्रॅकसूट पत्रकाच्या गुलाबी कागदात गुंडाळला, त्यातच तो कोरा फॉर्म घातला आणि जीपवाल्या सरांच्या गावच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केला. माय एवढंच म्हणाली, "रंग चांगला व्हता." आठव्या दिवशी मी परत हिंगोलीला गेले. मॅडमनी कागद घेतला, काही न बोलता फायलीत लावला आणि म्हणाल्या, "कॉलेज सुरू झालं की पहिला तास साडेसातला. मैदान त्यानंतर."

कोपरं सोलली, वरण खरंच पातळ होतं, आणि दुसऱ्या वर्षी मलाही एका सामन्याला बाहेर बसवलं, कारण इतिहासाचे चार तास मी बुडवले होते. त्या दिवशी मी त्यांच्याविरुद्ध मनातल्या मनात दोन पत्रकं लिहिली. पण परीक्षेच्या यादीत माझं नाव होतं.

शेवटच्या वर्षी गोरेगावच्या बाजूला एका मेंढपाळाची पोरगी बघायला मॅडम मला सोबत घेऊन गेल्या. दारात पोचल्याबरोबर त्यांनी पाणी मागितलं आणि उभ्यानं प्यायल्या. भिंतीवरच्या कागदाची नक्कल मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं होतं. आवाज आमच्या घरचा, तेव्हा शेजारच्या चार घरांनाही नियम ऐकू गेले. सातवा वाचून झाला तशी पोरीची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाणी चालतं अन् च्या चालत न्हाई? च्यात काय लाच असती व्हय, बाई?"

"साखर असते," मॅडम म्हणाल्या.

"मंग बिनसाखरेचा टाकते!"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी कागद वरपासून खालपर्यंत परत बघितला. बिनसाखरेच्या चहाबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं. "मावशी," मी म्हटलं, "पोरीचं ॲडमिशन झालं की दोन कप टाका. साखरेचे." त्या बाईनं पोरीकडं बघितलं आणि विचारलं, "आठ दिवस म्हणलं न्हवं?"

"आठ दिवस," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी आलात तरी मी कागद घेणार नाही. हिला विचारा."