बंगल्यातली बय

आम्ही आईला बय म्हणायचो, आणि आमच्या बयची ठाम समजूत होती की बंगल्यातला गोरा साहेबसुद्धा आमच्या आबांना बयच म्हणतो.

आबा लोणावळ्याला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यात नोकर होते. टेबल लावायचं, वाढायचं, बूट पुसायचे, साहेबाच्या लेकराला सांभाळायचं, अशी कामं. लग्न होऊन बय वडगावकडच्या खेड्यातून नवीनवी आली, तेव्हा एकदा भाकरी द्यायला बंगल्याच्या मागच्या दाराशी गेली. आतून साहेबाने हाक मारली, "बॉय!" आणि आबा धावले. तिने जे ऐकायचं ते ऐकलं. घरी येऊन साऱ्या आळीला सांगितलं, "सायेब ह्यास्नी बय म्हंतो! आवं, जेवू घालत्यात न्हवं त्याला? मंग बयच की!" बिचारीचं काय चुकलं म्हणा. आळी पोट धरून हसली आणि आबांना बॉयभाऊ हे नाव पडलं ते कायमचंच.

याच बयला आबांनी साहेबाची उष्टी ताटं उचललेली खपत नसत, बरं का. संध्याकाळी दाराशी हातपाय धुऊन अंगावर पाणी घेतल्याशिवाय ती त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. पण शेजारणीशी त्यांच्याबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा असा काही फुलायचा! तेवढ्यासाठी मी तिचे सगळे नखरे माफ केले आहेत.

मी शाळेत इंग्रजी शिकू लागले आणि घोटाळा झाला. पुस्तकात चड्डीतल्या एका पोराचं चित्र होतं, आणि खाली तोच शब्द. मी धावत घरी आले. आबा ओट्यावर बिडी ओढत बसले होते, बय पाण्याला गेली होती. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"मला ठावं हाय गं," ते म्हणाले. "पयल्या दिसापास्नं."

"मग बयला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तिला वाटतंय, आपला दादला लय मानाचा हाय. तिच्या डोळ्यांत तरी ऱ्हाऊ दे की मान. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिले, पण आतून नुसती धुमसत होते. पुढे मोठेपणी वाचनात आलं की समुद्रापलीकडे विकत घेतलेल्या काळ्या माणसांना, त्यांचे केस पांढरे झाले तरी, मालक याच शब्दाने हाका मारत. कायद्याने गुलामी उठली, शब्द मागे राहिला. आबांच्या वाट्याला आलेला शब्द त्याच घराण्यातला. समोरच्याला मोठं होऊच द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

वैशाखात करवंदं पिकली, तेव्हा बयने टपोरी टपोरी निवडून पाटी भरली. "आपल्या सायबाला," ती म्हणाली. आपला नवरा ज्याची बय, तो तिला परका कसा वाटावा? "नको ना जाऊ," असं मी दोनदा म्हणून पाहिलं. तिने मलाच बरोबर घेतलं.

फाटकातून आत शिरतो तोच आरडाओरडा ऐकू आला. व्हरांड्यात साहेबाचा पाच-सहा वर्षांचा मुलगा खुर्चीत बसून किंचाळत होता, "बॉय! बॉय!" आबा गुडघे टेकून त्याच्या बुटाची नाडी बांधत होते. गाठ लवकर बसेना, तसा पोराने बूट त्यांच्या खांद्यावर मारला. साहेब शेजारीच पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

बय जागच्या जागी थांबली. "आपल्या बयला असं कुनी मारतं व्हय गं?" तिने मला विचारलं.

आता मला गप्प राहवेना. "बय नाही म्हणत ते. बॉय म्हणजे पोऱ्या."

"पोऱ्या?" ती म्हणाली. "ह्यांच्या कानावरलं केस पिकलं की गं."

मला वाटलं, आता ही रडणार. तिने पाटी खाली ठेवली आणि पदर खोचला. आजी-आजोबा गेल्यापासून आबांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. आळी बॉयभाऊ म्हणे, बंगला बॉय म्हणे, आणि बयने तर लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मनापासून मानायची.

त्या दिवशी तिने ते घेतलं. भर अंगणात, साहेबासमोर, खणखणीत आवाजात, पुढे 'राव' लावून. ते नाव मी इथे लिहीत नाही. तो मान तिचा. साहेबाच्या हातातला पेपर खाली आला.

आबांनी नाडी तशीच सोडली, उभे राहिले आणि साऱ्या बंगल्याला ऐकू जाईल अशी ओ दिली.