वेबसाईटचा पंचनामा

अख्ख्या वऱ्हाडात खरं बोलणारा माणूस आता एकच उरला आहे, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघावा, याला काय म्हणावं! बाकीच्यांना खरं बोलायला कारण लागतं, राग लागतो, निदान दोन घोट तरी लागतात. मामाजींना काहीच लागत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे दोन खोल्यांच्या घरात राहणारा हा माणूस छत्तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात होता. दोन भावांच्या शेतांमधला धुरा असो की पुढाऱ्याच्या वावराची हद्द असो, त्यांची साखळी सगळीकडे सारखीच पडायची. त्यामुळे गावोगावच्या गरीब माणसांनी त्यांना दुवा दिली आणि वरच्या साहेबांनी बदल्या दिल्या. मामाजींनी दोन्ही गोष्टी सारख्याच चेहऱ्यानं घेतल्या.

माझं लग्नसुद्धा त्यांच्याच मोजणीवर ठरलं. मला पाहायला मंडळी आली तेव्हा आमच्या बाबांनी माझी उंची साडेपाच फूट सांगून टाकली होती. मामाजींनी बशीतला चहा संपवला, मला एकदा खालून वर पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पाच-चार भरते. दोन इंचाची तफावत हाय. पन पोरगं सरळ उभं राह्यते, चालन." आमचे बाबा पुढे कितीतरी दिवस त्या दोन इंचांवरून धुसफुसत होते. मी मात्र त्याच दिवशी या माणसावर खूष झालो. मला त्याआधी "सरळ" असं कोणी म्हटलंच नव्हतं.

मामाजींच्या बोलण्यात डावं-उजवं नसतंच. असतात त्या फक्त दिशा. एसटीत शेजारच्याला "जरा आग्नेयेकडं सरका" म्हणतात आणि तो बिचारा भलतीकडेच सरकतो. न्हाव्याला सांगतात, "मिशीची पश्चिम बाजू अर्धी रेघ जास्त हाय." मामीची भाकरी उत्तरेकडून करपते. आमच्या लग्नात वरात दारात उभी असताना यांनी मांडवाची पावलं मोजली आणि मांडव दीड फूट सरकारी रस्त्यावर आल्याचं जाहीर केलं. खांब मागे घेईपर्यंत मला घोड्यावर बसवून ठेवलं. मामी म्हणतात, "माह्या जल्मात यायनं मले एकदाच छान दिसते म्हनलं. पन तेच्यानंतर मी कोनाले इचारलं नाई, कारन यायनं म्हनलं म्हंजे थे खरंच असन."

तर असा हा माणूस, आणि मी अमरावतीच्या राजापेठेत राहणारा भूगोलाचा मास्तर, हौशी फोटोग्राफर. बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून फिरलो. त्यातले सव्वीस फोटो निवडून गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःची वेबसाईट केली. काळी पार्श्वभूमी, त्यावर करड्या रंगाची बारीक अक्षरं, फोटो आपोआप सरकणारे, आणि फोटोंना नावं कशी, तर "निःशब्द – ३", "अस्तित्व", "एक संध्याकाळ, बहुधा". मला स्वतःला तर डोळे भरून येत होते. मोठ्या उत्साहानं मी लिंक चाळीस जणांना पाठवली आणि खाली लिहिलं, "परखड अभिप्राय हवा." सदतीस जणांनी अंगठा पाठवला. दोघांनी "मस्त" लिहिलं. एकानं विचारलं, लग्नाच्या ऑर्डरी घेता का? अहो, बारा वर्षं उन्हातान्हात फिरलो ते अंगठे गोळा करायला? मला एका माणसाचं खरं मत हवं होतं, आणि वऱ्हाडात तो माणूस कोण, हे मी आधीच सांगितलं आहे. मी मामाजींना फोन केला.

"असं फोनवर मत देल्लं जात नसते जवाईबापू," ते म्हणाले. "जाग्यावर येऊन पंचनामा करा लागन."

मला वाटलं, गंमत करतात. रविवारी सकाळी साडेदहाला मामाजी खरोखरच दारात उभे! पांढरा सदरा, काळा चष्मा, काखेत जुनी फाईल, आणि सोबत त्यांच्या जुन्या मोजणीच्या भागातले निवृत्त कोतवाल. दोघं एकमेकांचा हात धरून जिना चढले होते. मला वाटलं, कोतवालाला धाप लागत असेल. घरात आल्यावरही चष्मा काढेनात, तेव्हा मी ओळखलं की अकोल्याचं ऊन अजून डोक्यातून उतरलेलं नाही. "जयभीम" झाला, पाणी झालं, आणि मामाजी म्हणाले, "पंच नंबर एक घेऊन आलो. पंच नंबर दोन थो स्थानिक पाह्यजे." मग खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या गणिताच्या सरांना बोलावणं गेलं. ते हातातल्या खडूसकट वर आले.

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. मामाजी त्याच्यापासून चांगले चार हात दूर, ताठ बसले. मांडीवर फाईल, फाईलवर कागद, हातात पेन. कॅमेरा माझ्या हाताशीच होता, मी त्यांचा एक फोटो काढून घेतला.

"कोतवाल, काय दिसून राह्यलं?"

कोतवाल हरखून म्हणाले, "साहेब, लय झकास वाटून राह्यलं!"

"वाटते थे नोको सांगू. दिसते थे सांग."

"काळं दिसते. अन् मुंग्या हायेत."

त्या मुंग्या म्हणजे माझं नाव आणि परिचय होता. मामाजींनी कागदावर लिहून घेतलं: अक्षरं मुंग्यांसाठी लिहिलेली आढळली. पुढे कोतवाल एका फोटोबद्दल सांगायला लागले तेवढ्यात तो सरकला, दुसरा आला. "पयाला साहेब, फोटो पयाला!" मामाजींनी माझ्याकडे तोंड केलं. "जवाईबापू, वावर कधी पयते काय? ज्याले पाह्याचं हाय त्याचं पाहून झाल्याशिवाय जागा हलाले नाई पाह्यजे." मग विचारलं की या वेबसाईटचं दार कुठं आहे. मी कोपऱ्यातल्या तीन रेघा दाखवल्या. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते, असं समजावून सांगितलं. गणिताचे सर म्हणाले, त्या रेघा त्यांना स्क्रीनवरचा ओरखडा वाटल्या. "दार असून सापडत नसन तर थो दरवडेखोराचा वाडा झाला," मामाजी म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

मग आला "निःशब्द – ३". हा माझा सगळ्यात लाडका फोटो. वरूडला संत्र्याच्या ढिगापाशी बसलेली एक बाई, हात फळांवर, नजर भलतीकडे. त्या नजरेवर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

"बाई हाय, संत्र्याच्या ढिगापाशी बसेल," कोतवाल म्हणाले.

"फोटो म्हंजे नकाशा समज. पूर्वेले काय?"

"पेट्या."

"किती?"

"सात."

"पश्चिमेले?"

"कुत्रं हाय, झोपेल."

"उत्तरेले, म्हंजे बाईच्या मांगं?"

"ट्रक. त्याचं एक चाक काढेल हाय."

"अन् दक्षिणेले?"

कोतवाल बराच वेळ पाहून म्हणाले, "दक्षिणेले काई नाई साहेब."

"काई नाई कसं? फोटो का आपोआप निंगाला? दक्षिणेले जवाईबापू हायेत. सगळ्याच फोटोइत दक्षिणेले थेच हायेत, अन् एकाही जाग्यावर थ्यायनं हे कबूल केलं नाई."

ट्रकचं चाक काढलेलं होतं, हे मला बारा वर्षांत दिसलं नव्हतं. अशी सव्वीसच्या सव्वीस फोटोंची मोजणी झाली. दोन वाजले, गणिताच्या सरांची पोरं खाली बोंबलत होती, हिनं केलेले पानगे गार झाले. शेवटी मामाजींनी आदेश दिला: अक्षरं मोठी करा, फोटो थांबवा, दार दिसू द्या, आणि प्रत्येक फोटोखाली चतुःसीमा लिहा. शेताच्या कागदावर असते तशी. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय, दक्षिणेला कोण. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. मोजणीदाराच्या सहीची जागा मात्र मामाजींनी रिकामी ठेवली. "दुरुस्ती करा. मंग सही."

ते गेल्यावर माझं डोकं असं फिरलं म्हणता! फोटोखाली चतुःसीमा? कुत्रं पश्चिमेला झोपलं आहे, हे मी लिहायचं? म्हणजे फोटो कोणी पाहायचाच नाही की काय? "मामाजी आता म्हातारे झाले," असं मी हिला चार-चारदा ऐकवलं. ती कागद वाचत बसली होती. ती म्हणाली, "अहो, हे मामाचं अक्षर नाही."

मी कागद घेतला. मामाजींचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आमच्या लग्नाच्या याद्या त्यांनीच लिहिल्या होत्या. इथे मात्र ओळी वर चढत होत्या, एक ओळ दुसरीत घुसत होती, दोन ठिकाणी तर एकावर एक लिहिलेलं होतं. छत्तीस वर्षं ज्यानं एकाचा धुरा दुसऱ्याच्या वावरात जाऊ दिला नाही, त्याच्या ओळी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या होत्या. हिनं मामीला फोन लावला. अक्षराचं विचारलं. मग मामी रडत म्हणाल्या, "काचबिंदू हाय वो बाई. वरीस झालं. उजेड-अंधार कयते, बाकी काई नाई. कोनाले सांगू देत नाईत. जवाईबापूनं मत इचारलं म्हनून चार दिवस नुसते खूष होते. जातो म्हने, दिसो का न दिसो."

हिनं फोन ठेवला. मी माझे शब्द आठवत बसलो. चार हात दूर बसलेला तो माणूस, घरातला काळा चष्मा, जिन्यावरचा कोतवालाचा हात, "दिसते थे सांग." सगळं माझ्यासमोर झालं होतं, आणि मी नजरेवर परिच्छेद लिहिणारा माणूस! मला माझी लाज वाटली, अगदी सरळ लाज वाटली.

मग मी दुरुस्तीला बसलो. काळं काढून पांढरं केलं, अक्षरं वाढवली, फोटो जागच्या जागी थांबवले, तीन रेघा काढून तिथे स्पष्ट "यादी" असं लिहिलं. चतुःसीमा लिहायला मात्र तीन आठवडे लागले. काही फोटोंत कडेला काय आहे ते मलाच ओळखू येईना, तेव्हा गाडी काढून पुन्हा त्या जागी गेलो. वरूडच्या त्या बाईंचं नाव विचारून आलो. त्या म्हणाल्या, नजर भलतीकडे होती कारण चाक काढणारा त्यांचा नवरा जेवायला येत नव्हता. "निःशब्द – ३" कसलं डोंबलाचं! त्या त्याला ओरडत होत्या.

सगळं झाल्यावर मी अकोल्याला गेलो. मामाजी बाजेवर बसले होते. मी त्यांच्या हातात फोन दिला आणि लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय सुरू केली. फोनमधली बाई शाळेच्या बाईंसारखं वाचू लागली. मामाजी मान खाली घालून ऐकत होते, एकेका फोटोला "हं" म्हणत होते. मोर्णेच्या फोटोला त्यांनी हात वर केला. "पूल पश्चिमेले म्हन्ते. पुलाच्या त्या अंगाले उभं राह्याले जागाच नाई. तुमी काय नदीत उभे होते?" मी फोटो पाहिला. पूल पूर्वेला होता. मी तिथेच दुरुस्त केलं.

सव्वीस झाले. मग त्यांना ठाऊक नसलेला सत्ताविसावा आला. बाई वाचू लागली: "मोजणीदार. राजापेठेतल्या घरी, खुर्चीवर ताठ बसलेले. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर फाईल. पूर्वेला खिडकी. पश्चिमेला त्यांचे मित्र, कोतवाल. उत्तरेला भिंतीवर कॅलेंडर. दक्षिणेला त्यांचा जावई, ज्याला त्या दिवशी काहीच दिसलं नाही."

मामाजी म्हणाले, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"मोजनी बराबर हाय," ते म्हणाले. "कागद कुठी हाय?"

मी पंचनामा फाईलवर ठेवला आणि त्यांचं बोट धरून रिकाम्या जागेवर नेलं. त्यांनी सही केली, पूर्वीसारखीच लांबलचक, पूर्वीच्याच झोकात. ती सही जागेतून निघाली, कोतवालाच्या नावावरून गेली आणि गणिताच्या सरांच्या सहीत जाऊन थांबली.

"हद्दीत हाय ना, जवाईबापू?"

"हद्दीतच आहे, मामाजी," मी म्हणालो. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठल्या.

त्या कागदाचा फोटो आता माझ्या वेबसाईटच्या शेवटच्या पानावर आहे. त्या एकाच फोटोखाली मी चतुःसीमा लिहिलेली नाही. मामाजी अजून रोज संध्याकाळी बाजेवर बसून ती वेबसाईट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात, आणि फोनमधली ती बाई लिहिलेलं सगळं खरं खरं वाचून दाखवते.