मामींच्या नावाचा किडा

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी सारख्या आहेत, असं आमच्या हिच्या मामांसमोर म्हणणारा माणूस रोह्यापासून पेणपर्यंत शिल्लक राहिलेला नाही. मामा रोह्याचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण खरं आयुष्य काढलं ते खाडीच्या चिखलातल्या, दोन्ही अंगांना ताठ केस असलेल्या बोटभर किड्यांबरोबर. त्यांना किडा म्हटलेलं मामांना चालत नाही. किड्याला सहा पाय असतात, हा कृमी आहे, असं ते व्याह्यांनासुद्धा भर पंगतीत सुनावतात. एकदा गणपती न्यायला पेणला आमच्याकडे रामवाडीत आले आणि मला घेऊन कारखान्यात गेले. एकाच साच्यातून निघालेल्या, अजून रंग न दिलेल्या मूर्ती रांगेत बसल्या होत्या. मामांनी खिशातून भिंग काढलं आणि प्रत्येकीचे कान तपासायला घेतले. कारागिराने दोनदा चहा पाजला. शेवटी मामांनी एक मूर्ती निवडली, आणि बाकीच्या तिच्यासारख्या नाहीत हे त्याला पटवून देताना तिसरा चहा घेतला. आमच्या हिच्या धाकट्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा कोणीतरी मामांचं मत विचारलं. "वरून चांगला दिसतो," मामा म्हणाले, "पण वरून काही कळत नाही, जबडा बाहेर काढून बघावा लागतो." मुलगा समोरच पोहे खात होता. तरीही लग्न झालं, हा त्या मुलाचा मोठेपणा.

मामांचं म्हणणं असं, की रोह्याकडच्या कुंडलिका खाडीतला कृमी आणि पेणजवळच्या धरमतर खाडीतला कृमी या दोन वेगळ्या जाती. घसा उलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की धरमतरवाल्याच्या घशावर बारीक काळे दाणे जास्त दिसतात. ही जात अजून कोणी नोंदवलेली नाही. ती सिद्ध झाली की नाव ठेवायचा मान मामांचा, आणि नाव ठेवायचं मामींचं, कारण मामींचं माहेर पेण. हा शब्द त्यांनी नव्या नवरीला दिला होता आणि मामींना तो आजवर धमकीसारखा वाटत आला. "लोकं बायकोला पाटल्या करतात, हे माझ्या नावाचा किडा करणार," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पेण आणि रोहा सारखं नाही, एवढं मात्र त्यांनाही मान्य होतं. रोह्याच्या पाण्यात पापडाचं पीठ नीट मळलं जात नाही, ही त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही.

हल्ली नुसते दाणे मोजून कोणी जात मानत नाही, जनुकं जुळवून बघतात. मामांचा एक जुना विद्यार्थी दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत होता, तो आनंदाने हो म्हणाला. मामांनी कपाटभर बरण्या बांधायला काढल्या, तेव्हा त्याने जपून विचारलं, सर, कशात ठेवलेत? मामांनी जन्मभर कृमी फॉर्मॅलिनमध्ये ठेवले होते. त्यात आकार झकास टिकतो, जनुकांचा पार चुरा होतो. म्हणजे या वयात पुन्हा चिखलात उतरणं आलं, या खेपेला अल्कोहोलची बरणी घेऊन. धरमतरला मी बरोबर होतो. मामा मांडीपर्यंत रुतले. मासळीच्या पाट्या घेऊन चाललेल्या दोघी थांबल्या. "म्हाताऱ्याचा काय परलाय गो चिखलान?" एकीने दुसरीला विचारलं. बायकोचं नाव द्यायला कृमी शोधताहेत, असं मी सांगितलं. त्यांनी मामांना ओढून बाहेर काढलं आणि जाताना मामींविषयी सहानुभूती व्यक्त केली. त्या बरण्या पुढे कित्येक दिवस मामींच्या फ्रिजमध्ये पापडाच्या लाट्यांशेजारी बसल्या होत्या.

निकालाचा फोन आला तेव्हा मी रोह्यालाच होतो. जात एकच, विद्यार्थी म्हणाला. दाण्यांचा फरक वयाचा किंवा पाण्याचा असावा. मामांनी त्याच्या कामाचं कौतुक केलं, फोन ठेवला आणि आधीच स्वच्छ असलेलं भिंग पुसत बसले. मला वाटलं, मामी आता पेढे वाटतील. त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"असं कसं? पेणच्याचे दाणे जास्त हायत ना? तुम्हीच मोजलेत."

"मोजले. पण जात एकच आहे."

दोन गोष्टी सारख्या आहेत असं मामांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मामी हात पुसत म्हणाल्या, "नागोठण्याच्या अंगाला कुठे बघितलंय तुम्ही अजून?"

पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला आम्ही तिघे तिकडे गेलो. मामा चिखलात, आणि मामी काठावर पदर खोचून, बरणीचं झाकण उघडून उभ्या. मामांनी आणून दिलेला कृमी त्यांनी नाक न मुरडता तळहातावर घेतला, भिंग मागून घेतलं आणि खूप वेळ बघितलं.

"हा वेगळा वाटतो हो," त्या म्हणाल्या.

तो अगदी तसाच होता, हे मलासुद्धा दिसत होतं. मामांनी मान डोलावली आणि तो जपून बरणीत सोडला.